यंत्र बदलताना: गावोगावच्या ध्वनिमुद्रकांसाठी एक प्रस्तावना

आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी माळशिरसचा मुक्काम उरकून वेळापुरात येते. त्या एका रात्रीत या गावात किती तऱ्हेचे संगीत एकवटते, याची मोजदाद करणे कठीण आहे. दिंड्यांचे टाळ-मृदंग, राहुट्यांमधली भजने, कीर्तन, भारूड, पहाटेचा काकडा. पालखी भंडीशेगावकडे निघून गेली तरी गाव मुके होत नाही. लग्नसराईत हलगी आणि बेंजो असतो, अर्धनारी नटेश्वराच्या यात्रेत वाजंत्री असते, आणि शेजारच्या अकलूजने तर लावणीच्या स्पर्धेने महाराष्ट्रभर नाव केले आहे. सोलापूर जिल्ह्याच्या या पश्चिम टोकाला संगीत कुणाला मुद्दाम जोपासावे लागत नाही, ते रोजच्या जगण्यातच असते.

या जगण्यात अलीकडे एका नव्या कामाची भर पडली आहे. घरातली एखादी खोली रिकामी करून, भिंतींना गोधड्या लावून, एक संगणक, एक साउंड कार्ड आणि एकदोन माइक यांच्या बळावर कुणीतरी अभंग ध्वनिमुद्रित करतो. तोच त्याची काटछाट करतो, तोच पेटी आणि पखवाज यांचा तोल साधतो आणि रात्री उशिरा ते गाणे यूट्यूबवर चढवतो. गाव त्याला ‘रेकॉर्डिंगवाला’ म्हणते. त्याला या कामाचे शिक्षण कुठे मिळालेले नसते. तरीही तालुक्यातल्या भजनी मंडळांचे, शाहिरांचे, हलगीवाल्यांचे आजचे संगीत उद्या कुणाला ऐकायला मिळणार असेल तर ते बहुतांशी त्याच्या हार्ड डिस्कमधून. ही पुस्तिका त्याच्यासाठी, आणि त्याच्या वाटेने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकासाठी आहे.

विषय नेमका असा आहे: संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर कसे निवडावे आणि कसे चालवावे, विशेषतः संगणकाची जात बदलली तर. म्हणजे आजवर विंडोजवर काम केले आणि आता मॅक घेतला, किंवा जुन्या संगणकावर लिनक्स टाकले, तर काय करावे? प्रश्न तांत्रिक वाटतो, आणि काही वाचकांनी इथेच पान उलटण्याचा विचार केला असेल. त्यांना माझी विनंती आहे की थोडे थांबावे. यंत्र बदलण्याच्या वेळीच संगीतकाराला कळते की आपल्या कामातले आपले काय होते आणि सॉफ्टवेअरचे काय होते. एरवी ही दोन्ही इतकी मिसळून गेलेली असतात की भेद दिसत नाही. तो भेद ज्याला दिसला, त्याचे काम पुढच्या प्रत्येक यंत्रावर टिकते. एवढे एक समजून घेण्यासाठी या विषयाकडे यावे, असे मला मनापासून वाटते.

आधी थोडी पार्श्वभूमी. कॅसेटच्या काळात मंगळवेढ्याशी नाते सांगणाऱ्या प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घराघरांत पोचला. पण त्या आवाजाला मुंबईचा स्टुडिओ गाठावा लागत होता. टेप, मिक्सर, ते चालवणारा अनुभवी माणूस हे सगळे शहरात होते आणि महाग होते. पुढे ते सगळे एका पडद्यावर मावू लागले. या प्रकारच्या सॉफ्टवेअरला ‘डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन’ म्हणतात. या पुस्तिकेत आपण त्याला डीएडब्ल्यू म्हणू. त्यात आडव्या पट्ट्यांवर एकेक वाद्य ठेवता येते, पट्ट्या कापता येतात, सरकवता येतात, त्यांवर गुंजन (रिव्हर्ब) किंवा धार चढवता येते. २०१६च्या ‘सैराट’ या चित्रपटासाठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. चित्रपटाची गोष्ट होती करमाळा तालुक्याच्या मातीतली. एवढ्या मोठ्या कामातही शेवटी स्वर येऊन बसतात ते अशाच आडव्या पट्ट्यांवर. वेळापुरातल्या खोलीत आणि तिथल्या दालनात माणसांचा, माइकांचा, जागेचा फरक प्रचंड आहे. पडद्यावरच्या कामाची रीत मात्र एकच आहे, आणि ती आपल्याला शिकता येते.

आता यंत्र का बदलते ते पाहू. कधी जुना संगणक बंद पडतो. कधी शहरात नोकरी करणारा भाऊ आपला वापरलेला मॅकबुक देऊन जातो. अलीकडे आणखी एक कारण आले: १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ला ठरावीक सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगले चालणारे कितीतरी संगणक एका रात्रीत ‘जुने’ ठरले. अशा संगणकाचा मालक एकतर नवे यंत्र घेतो किंवा त्याच यंत्रावर लिनक्स बसवतो. दोन्ही वेळी त्याच्यापुढे प्रश्न एकच असतो: माझी तीनशे गाणी ज्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते तिकडे चालेल का?

मराठीत छपाईचे काम केलेल्यांना हा प्रश्न परका नाही. श्रीलिपी किंवा आकृतीच्या जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की पानभर निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर हरवलेला नसे, तो त्या फाँटच्या ताब्यात असे. युनिकोड आल्यावर मजकूर फाँटपासून मोकळा झाला. संगीताच्या फायलींचे नेमके असेच आहे. आवाज आपला असतो, पण तो ज्या प्रकल्प-फायलीत गुंफलेला असतो ती फाइल एका कंपनीच्या सॉफ्टवेअरलाच वाचता येते. संगीतापुरते युनिकोड अजून पूर्ण घडलेले नाही. त्याचे तुकडे मात्र आहेत, आणि त्यांची ओळख पुढे करून दिली आहे.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका इतिहास तबल्याशी जोडलेला आहे, आणि त्यातला एक माणूस महाराष्ट्राच्या जात्यावरच्या ओव्यांपर्यंत येऊन पोचतो. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जेम्स किपन हे इंग्रज संगीत-अभ्यासक लखनौ घराण्याचे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे तबला शिकत होते. ‘कायदा’ या तबल्यावरच्या रचनेचा विस्तार करताना उस्ताद कोणते बोल कुठे ठेवतात, कोणते कधीच ठेवत नाहीत, यामागे नियम असले पाहिजेत असे किपन यांना वाटत होते. पण ते नियम कुणी उच्चारून सांगत नव्हते. बर्नार्ड बेल या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने त्यांच्यासाठी ‘बोल प्रोसेसर’ नावाचा प्रोग्राम लिहिला. अ‍ॅपलच्या त्या काळच्या छोट्या संगणकावर तो चालत असे. त्यात बोलांचे व्याकरण भरायचे, प्रोग्रामने त्यावरून नवे विस्तार रचायचे, आणि ते ऐकून उस्तादांनी सांगायचे की हे चालेल, हे चालणार नाही. जे चालले नाही त्यावरून व्याकरण सुधारायचे. संगणकाने उस्तादापुढे परीक्षा द्यावी, ही कल्पनाच मला फार सुंदर वाटते. संगीताच्या सॉफ्टवेअरकडे कोणत्या नजरेने पाहावे याचा तो पहिला धडा आहे.

पुढे यंत्रे बदलली. तो पहिला संगणक मागे पडला, मॅकिंटॉश आला. बोल प्रोसेसरची दुसरी आवृत्ती मॅकसाठी नव्याने लिहिली गेली आणि ती मिडी या संगणक आणि वाद्ये जोडणाऱ्या संकेतप्रणालीमार्फत बाहेरची वाद्ये वाजवू लागली. मग मॅकची कार्यप्रणालीच बदलली, प्रोसेसर बदलले, आणि २०१९मध्ये अ‍ॅपलने ३२-बिट प्रोग्राम चालवणे पूर्ण बंद केले तेव्हा जुन्या रूपातली ती आवृत्ती नव्या मॅकवर उघडेनाशी झाली. आज तिसरी आवृत्ती मॅक, विंडोज आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, आणि तिचा पडदा इंटरनेटच्या ब्राउझरमध्ये उघडतो. चाळीस वर्षांत एवढी स्थित्यंतरे होऊनही काम वाचले, कारण बोल आणि त्यांचे व्याकरण साध्या मजकुराच्या रूपात लिहिलेले होते. प्रोग्राम पुन्हा लिहावा लागला, पण बोलांवर तशी पाळी आली नाही. याच बर्नार्ड बेल यांनी १९९०च्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पासाठी महाराष्ट्रातल्या गावांत जाऊन बायकांचे आवाज डिजिटल टेपवर ध्वनिमुद्रित केले. त्या प्रकल्पात गोळा झालेल्या ओव्यांची संख्या लाखावर आहे. ती टेप वाजवणारी यंत्रे आज बाजारात मिळत नाहीत. ओव्या मात्र ऐकायला मिळतात, कारण त्या वेळेत टेपमधून काढून साध्या फायलींत ठेवल्या गेल्या.

सगळ्यांचे नशीब इतके चांगले नसते. १९८५च्या अटारी एसटी या संगणकाला मिडीच्या खाचा मुळातच होत्या, म्हणून युरोपातले अनेक संगीतकार त्यावर काम करू लागले. क्यूबेस आणि लॉजिक या आजच्या दोन मोठ्या सॉफ्टवेअरची मुळे तिथे आहेत. अटारी बंद पडल्यावर ती मंडळी मॅककडे आणि विंडोजकडे पांगली. २००२मध्ये अ‍ॅपलने लॉजिक बनवणारी एमॅजिक ही जर्मन कंपनी विकत घेतली आणि लॉजिकची विंडोज आवृत्ती बंद केली. ज्यांनी वर्षानुवर्षे विंडोजवर लॉजिक वापरले होते त्यांच्यापुढे दोनच वाटा उरल्या: यंत्र बदला किंवा सॉफ्टवेअर. याच्या उलट एफएल स्टुडिओचे झाले. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचे हे सॉफ्टवेअर आधी फ्रूटीलूप्स म्हणून ओळखले जायचे आणि दीर्घकाळ विंडोजपुरतेच होते. २०१८च्या विसाव्या आवृत्तीपासून ते मॅकवरही अधिकृतपणे चालू लागले. आपल्याकडच्या हलगी मिक्स, संबळ मिक्स करणाऱ्या डीजेंमध्ये एफएल फार लोकप्रिय आहे. मॅक घेऊ पाहणाऱ्या त्या मुलांना आज जी मोकळीक आहे ती २०१८च्या आधीच्यांना नव्हती.

इतिहास इथवर पुरे. आता निवडीकडे येऊ. वाचकांनी एक गोष्ट आरंभीच मनाशी ठरवावी: ‘सर्वांत चांगले सॉफ्टवेअर कोणते’ हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि ‘मी काय वाजवतो’ इथून सुरुवात करावी.

समजा तुम्ही भजन ध्वनिमुद्रित करता. भजनाची लय स्थिर नसते. ध्रुपद संथ असते, चरणागणिक लय चढते, आणि शेवटच्या गजरात ती सुरुवातीच्या दुप्पट झालेली असते. बहुतेक डीएडब्ल्यू मात्र गृहीत धरतात की गाण्याची लय आधीच ठरलेली आहे. पडद्यावर ते मात्रांच्या उभ्या रेषा आखून ठेवतात. पखवाजवाल्याला कानात टिकटिक ऐकवून वाजवायला लावले तर तो वाजवेल, पण गजर चढणार नाही. म्हणून भजनासाठी असे सॉफ्टवेअर हवे ज्यात आधी मोकळेपणाने मुद्रण करता येते आणि मग वाजवलेल्या लयीप्रमाणे रेषा आखता येतात. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये हे हाताने पण नेमके करता येते. लॉजिकमध्ये २०१८पासून ‘स्मार्ट टेम्पो’ नावाची सोय आहे, ती वाजवलेले ऐकून लय स्वतः ओळखू पाहते. टाळांच्या गजरात ती कधी फसते, हे ध्यानात ठेवावे. रेषा गाण्यामागून आल्या पाहिजेत, हे तत्त्व मात्र कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सोडू नये. माझ्या मते आपल्या भागातल्या भजनांच्या ध्वनिमुद्रणात जे निर्जीवपण कधीकधी ऐकू येते, त्याचे कारण माइक किंवा खोली नसून या उभ्या रेषा आहेत.

स्वराचेही असेच आहे. आपला गायक ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी चार’ असे सांगतो आणि पेटी त्या पट्टीत चालते. जुन्या पेटीचे सूर संगणकातल्या कीबोर्डाशी तंतोतंत जुळतीलच असे नाही, कारण पेटी कधी कुणी कशी लावली यावर ते अवलंबून असते. अशा वेळी पेटीला सुधारण्याच्या भरीस पडू नये. संगणकातला तंबोरा पेटीच्या षड्जाला लावून घ्यावा. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ स्वराची उंची थोडी खालीवर करता येते ते आपल्या कामाचे. सुदैवाने आज बहुतेकांत ही सोय आहे.

तुमचे काम हलगी आणि संबळ यांचे तुकडे जोडून नाचाचे संगीत करण्याचे असेल तर निवड वेगळी. तिथे लय ठरलेलीच असते, आणि एफएल स्टुडिओ किंवा बर्लिनच्या कंपनीचे एबलटन लाइव्ह ही सॉफ्टवेअर त्याच कामासाठी घडलेली आहेत. दोन्ही विंडोज आणि मॅकवर चालतात. दोन्हींचा परवाना एकदा घेतला की दोन्ही प्रकारच्या यंत्रांवर वापरता येतो, आणि एफएलच्या पुढच्या आवृत्त्या आजन्म फुकट मिळतात. लिनक्सवर मात्र ही दोन्ही अधिकृतपणे येत नाहीत. ऑर्केस्ट्रासाठी कीबोर्ड आणि ऑक्टापॅडवर रचना करणाऱ्यांनी मिडीची बाजू भक्कम असलेले क्यूबेस किंवा लॉजिक पाहावे.

आता यंत्राच्या बाजूने पाहू. मॅक घेतला असेल तर गॅरेजबँड फुकट मिळते, आणि त्यातले काम पुढे लॉजिकमध्ये जसेच्या तसे उघडते. पण लॉजिकमध्ये केलेले काम विंडोजवर कधीच उघडणार नाही, हे लॉजिक घेण्याआधीच ओळखावे. लिनक्सवर आला असाल तर पॉल डेव्हिस यांनी सुरू केलेले आर्डर आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे, आणि ध्वनिमुद्रणासाठी खरोखर समर्थ आहे. लूपच्या कामासाठी एलएमएमएस आहे. बिटविग हे पैसे देऊन घ्यायचे सॉफ्टवेअर तिन्ही प्रणालींवर चालते. आणि ज्याला पुढे कोणते यंत्र मिळेल याची खात्री नाही, त्याने रीपर घ्यावे, असे मी उघडपणे सुचवेन. विनअ‍ॅप बनवणाऱ्या जस्टिन फ्रँकल यांचे हे सॉफ्टवेअर विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. ते आकाराने लहान असल्यामुळे जुन्या लॅपटॉपवरही पळते. साठ दिवस सगळ्या सोयींसह वापरून पाहता येते, आणि वैयक्तिक वापराचा परवाना साठ डॉलर्सना मिळतो. त्याची प्रकल्प-फाइल साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडली तरी कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो हे वाचता येते. बोल प्रोसेसरची गोष्ट ज्यांनी लक्ष देऊन वाचली त्यांना याचे मोल सांगायला नको.

क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबद्दलही मोकळेपणाने बोलले पाहिजे. आपल्याकडे अनेकांची सुरुवात त्यानेच झाली. साठ डॉलर्स ही गावातल्या मुलासाठी लहान रक्कम नाही. पण यंत्र बदलताना क्रॅक सोबत येत नाही. त्याला अपडेट नसते, दुसऱ्या प्रणालीवरची प्रत नसते, आणि ती शोधायला गेलात की संगणकात काय काय शिरते याचा भरवसा नसतो. फुकट आणि निर्दोष असे इतके काही आज उपलब्ध आहे की नव्याने सुरुवात करणाऱ्याला त्या वाटेला जाण्याची गरज उरलेली नाही.

साउंड कार्डाकडे सॉफ्टवेअरइतकेच लक्ष द्यावे लागते. विंडोजवर साउंड कार्ड जलद चालण्यासाठी ‘एसियो’ नावाचा दुवा लागतो, तो क्यूबेस बनवणाऱ्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७मध्ये आणला. मॅकवर त्याची गरज नाही, तिथे कोअर ऑडिओ हा दुवा प्रणालीतच असतो. लिनक्सवर जॅक आणि अलीकडे पाइपवायर हे काम करतात. खरेदी करताना विक्रेत्याला एकच विचारा: कार्ड ‘क्लास कम्प्लायंट’ आहे का? म्हणजे वेगळा ड्रायव्हर न घालता मॅक आणि लिनक्सवर ते चालते का? उत्तर हो असेल तर ते कार्ड पुढच्या यंत्रावरही जाईल.

आवाज आत जाऊन कानात परत येईपर्यंत जो उशीर होतो त्याला लेटन्सी म्हणतात, आणि नवख्यांना सर्वांत जास्त छळते ते हेच. संगणक आवाजाचे नमुने मूठभर गोळा करून मग पुढे पाठवतो. सेकंदाला ४८ हजार नमुन्यांच्या दराने २५६ नमुन्यांची मूठ घेतली तर एकेका मुठीला सव्वापाच मिलिसेकंद जातात. एवढ्या वेळात हवेतला आवाज साधारण पावणेदोन मीटर जातो. म्हणजे समोर बसलेल्या पेटीवाल्याचा सूर तुमच्या कानी येतो तितकाच एका मुठीचा उशीर; आत जाऊन परत येईपर्यंत तो निदान दुप्पट होतो. १०२४ नमुने घेतले तर एका मुठीला एकवीस मिलिसेकंद, म्हणजे सात मीटरांवरचा माणूस. लांबलचक दिंडीत मागच्या टाळकऱ्याला पुढचा मृदंग याहून उशिराच ऐकू येतो आणि तरी तो लय सांभाळतो. पण त्याला तो उशीर डोळ्यांनी दिसत असतो, हेडफोनमध्ये तसा आधार नसतो. म्हणून मुद्रण करताना मूठ लहान ठेवावी, मिक्स करताना मोठी करावी. नव्या यंत्रावर पहिले काम हेच: गायकाला बसवून ही मूठ किती लहान करता येते ते पाहावे. आवाज तडतडू लागला की एक पायरी मागे यावे. घरात वीज सारखी जात-येत असेल किंवा इन्व्हर्टरची घरघर माइकात उतरत असेल तर मुद्रण लॅपटॉपच्या बॅटरीवर करावे.

प्लगइन म्हणजे डीएडब्ल्यूच्या आत चालणारी छोटी सॉफ्टवेअर: तंबोरा, गुंजन, तबल्याचे आवाज. यंत्र बदलताना खरा पेच इथे पडतो. व्हीएसटी हा प्रकार १९९६मध्ये स्टाइनबर्गने आणला आणि तो सर्वत्र पसरला. लॉजिक मात्र फक्त अ‍ॅपलच्या ऑडिओ युनिट्स प्रकारातले प्लगइन वाचते, प्रो टूल्स हे डीएडब्ल्यू स्वतःचा एएएक्स प्रकार वाचते, लिनक्सवर एलव्ही२ चालतो. एकाच तंबोऱ्याची तुमच्या नव्या प्रणालीसाठी आवृत्ती आहे का, हे एकेक करून तपासावे लागते, त्याला सोपी वाट नाही. २०२०नंतरच्या मॅकमध्ये अ‍ॅपलचे स्वतःचे प्रोसेसर आहेत. जुने प्लगइन तिथे रोझेटा नावाच्या दुभाष्यामार्फत चालतात, पण त्यावर कायम विसंबून राहू नये. ज्या प्लगइनचा परवाना संगणकाला बांधलेला असतो तो जुने यंत्र विकण्याआधी, ते चालू असतानाच, सोडवून घ्यावा.

मग जुन्या गाण्यांचे काय करायचे? नवे सॉफ्टवेअर जुन्या प्रकल्प-फायली उघडेल या आशेवर राहू नये. जुन्या यंत्रावर असतानाच प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत, २४-बिट वेव्ह फाइल म्हणून वेगवेगळा काढावा. सगळे ट्रॅक शून्यापासून असले की कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये टाकले तरी आपोआप एकमेकांशी जुळतात. गुंजन किंवा धार लावलेल्या ट्रॅकची एक कोरी प्रतही ठेवावी. कीबोर्डावर वाजवलेले सारे मिडी फाइल म्हणून काढावे. १९८३पासून चालत आलेला मिडी आजही प्रत्येक डीएडब्ल्यूला कळतो. आणि सोबत एक साधी मजकुराची फाइल: गाण्याची पट्टी, लय, ताल, गायकाचे नाव, मुद्रणाची तारीख. हे काम कंटाळवाणे आहे हे मला माहीत आहे. एका गाण्याला अर्धा तास लागतो, तीनशे गाण्यांना महिने लागतील. म्हणून सगळ्यांचे करू नका. ज्यातला गायक आज हयात नाही, जी चाल दुसऱ्या कुणाला येत नाही, त्या गाण्यांपासून सुरुवात करा.

फायलींची नावे देवनागरीत ठेवण्याचा मोह मलाही होतो, पण ट्रॅकच्या नावांपुरते रोमन अक्षरे आणि आकडे वापरावे. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकसंध चिन्ह म्हणून, किंवा ‘र’ला खाली नुक्ता देऊन. आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. पण एका प्रणालीवरून दुसरीवर जाताना रूप बदलले तर सॉफ्टवेअर म्हणते की फाइल सापडत नाही. मराठी नावे त्या मजकुराच्या फायलीत पूर्ण लिहावीत, तिथे कसलाही धोका नाही. बाहेरची हार्ड डिस्क एक्सफॅट प्रकारे फॉरमॅट केलेली असावी. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस डिस्कवर मॅकला वाचता येते, लिहिता येत नाही.

पुस्तिकेत पडद्यांची चित्रे मुद्दाम दिलेली नाहीत. बटणांच्या जागा दर वर्षी बदलतात, आणि चित्र पाहून शिकलेला माणूस बटण हलले की अडतो. प्रत्येक प्रकरणात आधी काम सांगितले आहे, मग ते काम तीन-चार सॉफ्टवेअरमध्ये कोणत्या नावाने शोधावे ते दिले आहे. ज्यांना संगीत येते पण संगणकाची धास्ती वाटते त्यांनी पहिली दोन प्रकरणे सोडून थेट भजनाच्या मुद्रणापासून वाचावे, अडेल तिथे मागे यावे. ज्यांना संगणक येतो पण ताल कळत नाही त्यांनी मात्र क्रमाने वाचावे, आणि वाचता वाचता गावातल्या एखाद्या पखवाजवाल्याकडे आठवड्यातून एकदा जाऊन बसावे.

सुरुवात एका अभंगाने करा. माहितीतले चार-पाच जणांचे भजनी मंडळ बोलवा. पेटी, पखवाज, दोन टाळ आणि गायक एवढेच पुरे. टाळकऱ्यांना माइकापासून थोडे मागे बसवा, नाहीतर टाळच सगळे झाकून टाकतात. टिकटिक न लावता मुद्रण करा. मग त्याचे ट्रॅक वर सांगितल्याप्रमाणे काढून तुमच्या नव्या यंत्रावरच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये आणा, मिक्स करा आणि मंडळाला ऐकवा. तोवर जुना संगणक विकू नका. मंडळातले बुवा ऐकून काय म्हणतात ते लिहून ठेवा, आणि मग पुढचे प्रकरण उघडा.